आखूड डावा हात

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र वाचून मी बेचैन झालो, म्हणून हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ची शेवटची चार प्रकरणे पुन्हा वाचली आणि मगच लिहायला बसलो. जेम आणि स्काऊट या भावंडांवर हल्ला करणाऱ्या बॉब युएलला त्यांच्या एकलकोंड्या शेजाऱ्याने, बू रॅडलीने, मारले हे उमगूनही शेरीफ हेक टेट ‘तो आपल्याच सुरीवर पडला’ असे सांगून प्रकरण मिटवतो; मग ही दया बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकलेल्या काळ्या टॉम रॉबिन्सनच्या वाट्याला का आली नाही, असे तू विचारतोस.

तुझा प्रश्न रास्त आहे, आणि लेखिकेलाही तो छळत असावा असे मला वाटते. कादंबरीच्या अगदी आरंभीच ती सांगते की जेमचा हात कोपरात मोडला आणि बरा झाल्यावरही त्याचा डावा हात उजव्याहून आखूडच राहिला. टॉमचाही डावाच हात आखूड. लहानपणी तो कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून कायमचा लुळा पडलेला. टॉमवर आरोप करणाऱ्या मेयेलाच्या चेहऱ्यावरचे वळ उजव्या बाजूला होते, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा, आणि डावखुरा होता तो तिचा बाप, बॉब युएल. इतके उघड दिसत असूनही ज्युरीतल्या गोऱ्या माणसांनी टॉमला दोषी ठरवले आणि पुढे तुरुंगातून पळताना त्याच्या अंगात 17 गोळ्या घुसल्या. ज्या युएलच्या खोट्या साक्षीने टॉमचा जीव गेला, त्याच्याशीच झालेल्या झटापटीत जेमचा तोच हात मोडावा, याला मी योगायोग मानायला तयार नाही.

आता टेटकडे पाहा. ते वळ उजव्या बाजूला होते हे कोर्टात त्यानेच सांगितले होते, आणि डॉक्टरला बोलावले नव्हते हेही त्यानेच कबूल केले होते. त्यामुळे त्या रात्री व्हरांड्यात ‘एक काळा मुलगा विनाकारण मेला आहे’ असे तो म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात मला त्याची स्वतःची बोच ऐकू येते. जेम-स्काऊटचा बाप आणि टॉमचा वकील अ‍ॅटिकस मात्र आपल्याच मुलाने, जेमने, खून केला असे समजून, त्याच्यासाठीसुद्धा काही दडपायला नकार देतो. या माणसाविषयीचा माझा आदर तिथे सर्वांत अधिक वाढतो. टेटला बूची काळजी आहे. सत्य कळले तर गावातल्या बायका केक घेऊन त्याच्या दारात लोटतील, आणि अशा लाजाळू माणसाला उजेडात ओढणे त्याला पाप वाटते.

तरीही तुझे एक म्हणणे मला मान्य करावेच लागते: बू गोरा होता, म्हणूनच मेकॉम्बमध्ये त्याच्यावर कोणी एवढी माया करू शकले. टॉमसाठी असे खोटे बोलायला त्या गावात कोणता शेरीफ धजावला असता?

पण स्काऊटला मी या हिशेबात धरत नाही. लहान मुलासारख्या दबक्या आवाजात बू तिला घरी पोहोचवायला सांगतो, तेव्हा ती त्याला हात वाकवायला लावते आणि त्यात आपला हात अडकवते. वरच्या खिडकीतून मिस स्टेफनीने पाहिलेच, तर एखादा सभ्य गृहस्थ मुलीला सोबत करत चालला आहे असे दिसावे, म्हणून. त्या पानावर मी खूण घातली आहे. दिवाळीत आलास की माझी प्रत घेऊन जा.

तुझा,
जुना मित्र