भिजलेला कॅमेरा तांदळात ठेवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की पर्यटन पुरवण्यांमध्ये कोकणातले किनारे झळकू लागतात. सोबतच्या चौकटीत 'कॅमेरा जपा' असा सल्लाही असतो, पण जपायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे कुणी लिहीत नाही. लिहिलेच तर हमखास एक गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवणे. या उपायाने उपयोग काहीच होत नाही, उलट हातचा वेळ जातो आणि कॅमेराही जातो. म्हणून हे पत्र.

समुद्रावर कॅमेऱ्याचे नुकसान पाण्यापेक्षा मीठ जास्त करते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्या पाण्याचे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर चढतात आणि कोरड्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाच्या लेन्सवरही येऊन बसतात. पाणी उडून जाते, मीठ तिथेच राहते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधे मीठ स्वतःच ओलावा ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतसुद्धा ओलसरच राहते. त्यामुळे किनाऱ्यावरून परत आणून न पुसता बॅगेत ठेवलेला कॅमेरा वरून कोरडा दिसला तरी बटणांच्या फटींत आणि बॅटरीच्या कप्प्यात खारट ओल धरून असतो. त्या ओलीतून बॅटरीचा प्रवाह वाहिला की तांब्या-पितळेच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि पुढे एखादे बटण किंवा कार्डचा खाचा बंद पडतो. तांदूळ हे मीठ बाहेर काढू शकत नाही. त्याची भुकटी मात्र चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसते.

कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, याचाही विचार करावा. दुपारपासून खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात आणि सूर्यास्ताला सगळ्यांच्या लेन्स नेमक्या त्याच दिशेला रोखलेल्या असतात. म्हणजे तुषार सरळ काचेवर. पहाटे वाहणारे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, त्यामुळे तेव्हा हवेत खार बरीच कमी असते. ज्यांना वेळ निवडता येते, त्यांनी सकाळ निवडावी. सूर्यास्तच हवा असेल तर लेन्सपुढे साधा संरक्षक फिल्टर (काचेची चकती) आणि हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारे नळीसारखे कडे) लावावा. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा समुद्राकडे पाठ करून अंगाआड धरावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर उजेडात तिरका धरून पाहावा. त्यावर दुधट पापुद्रा दिसला की समजावे, फोटो धुरकट येऊ लागले आहेत.

'माझा कॅमेरा वेदर सील आहे' या भरवशावर पुष्कळ जण राहतात. सील म्हणजे सांध्यांमधली रबराची पट्टी. ती पावसाची सर थोपवते, लाट थोपवत नाही. शिवाय बॉडी आणि लेन्स दोन्ही सीलबंद असतील तरच तिचा उपयोग. लेन्स काढून तिच्या मागच्या धातूच्या कडीभोवती पाहावे. रबराची बारीक झालर नसेल तर त्या सांध्यातून खारी हवा आत शिरणारच. कॅनन कंपनीच्या 'एल' या महागड्या मालिकेतल्या काही लेन्सचे सील तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय पुरे होत नाही.

आवरणासाठी महागडी वस्तू लागत नाही. कॅमेरा आणि लेन्स सैलसर मावतील अशी जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी. तिच्या बंद बाजूला हूडपेक्षा थोडे लहान भोक पाडावे, त्यातून हूडचे तोंड बाहेर काढावे आणि हूडवर दोन रबरबँड घट्ट बसवावेत. हात खालच्या उघड्या बाजूने आत घालावा. ती बाजू बांधून टाकू नये, कारण हाताचा घाम आत कोंडला तर पडदा धूसर होतो. झूम करताना लेन्स लांब होत असेल तर पिशवीला तेवढी ढील ठेवावी, नाहीतर पिशवी ताणली जाते आणि रबर सुटते.

धुके धरण्याचा प्रकार याहून वेगळा. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, २६ अंशांच्या आसपास असतो. हॉटेलच्या एसीत २२ अंशांवर रात्रभर पडलेला कॅमेरा थेट किनाऱ्यावर काढला की काचेवर आणि कधी आतल्या भिंगांवरही पाणी जमते. ते पुसत बसू नये आणि त्या वेळी लेन्स तर अजिबात उघडू नये. खोलीतून निघण्याआधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच ठेवावा. दव पिशवीवर धरते, कॅमेरा कोरडा राहतो.

वाळूबाबत एकच नियम पाळला तरी बरेच साधते. आधी फुंकणीने झटकायचे, मगच पुसायचे. वाळूत क्वार्ट्झ असते, ते काचेवरच्या लेपापेक्षा आणि बहुतेक काचांपेक्षाही कठीण. शर्टाच्या टोकाने काच पुसली की त्यावर बारीक रेघा उठतात आणि त्या कायमच्या राहतात. फुंकणी रबराची घ्यावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे उडतात. झूमच्या किंवा फोकसच्या कडीतून करकर आवाज आला तर ती पुढेमागे फिरवून मोकळी करायला जाऊ नये, कण आणखी आत जातो. कडी आहे तिथेच थांबवावी, लेन्सचे तोंड खाली करून फुंकणी मारावी आणि तरीही आवाज आला तर लेन्स कारागिराकडे न्यावी. किनाऱ्यावर लेन्स बदलूच नये. दोन लेन्स जवळ असतील तर एक निवडून खोलीवरूनच लावून निघावे. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजे आहेत. त्यातले काही कण चुंबकाला चिकटतात, म्हणून चुंबकाने लेन्सवर बसणारे फिल्टर, मोबाइलचे स्पीकर आणि ड्रोनच्या मोटारी तिथे विशेष जपाव्यात. ड्रोन तर वाळूवरून उडवूच नये, सतरंजी किंवा फळी अंथरावी.

परतल्यावरची वीस मिनिटे सर्वांत मोलाची. बॅटरीचे आणि कार्डचे झाकण बंदच ठेवून आधी फुंकणी मारावी, मग फटींतून मऊ ब्रश फिरवावा. नंतर सुती फडका गोड्या, शक्यतो फिल्टरच्या, पाण्यात बुडवून थेंब गळणार नाही इतका पिळावा आणि बॉडी, लेन्सची नळी, पट्ट्याच्या कड्या, फ्लॅशचा खाचा असे सगळे पुसून घ्यावे. फडका खळबळून हेच पुन्हा एकदा करावे, मग कोरडा फडका फिरवावा. बरेच जण इथे स्पिरिट वापरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते नुसते इकडचे तिकडे होते. मीठ निघते ते पाण्यानेच. पट्टा साबणाच्या पाण्यात भिजत घालावा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून नळाखाली धुवावेत आणि उघडेच वाळवावेत. फिल्टर त्याच दिवशी काढून आटे पुसावेत, नाहीतर मिठाने तो लेन्सला असा धरतो की हाताने सुटत नाही.

आणि कॅमेरा लाटेत पडलाच तर? लगेच बंद करून बॅटरी आणि कार्ड काढावे. चालतो का हे बघायला पुन्हा सुरू करू नये. ओल्या मिठातून वाहिलेला प्रवाह क्षणात सर्किट खातो. हेअर ड्रायर लावू नये, त्याने ओल आणखी आत जाते. बाहेरून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कॅमेरा त्याच दिवशी दुरुस्तीला न्यावा आणि 'समुद्राच्या पाण्यात पडला' हे स्पष्ट सांगावे. वॉरंटी जाईल म्हणून ही गोष्ट लपवली जाते आणि कारागीर भलतेच शोधत बसतो. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, ती पेट घेऊ शकते. मोबाइल पाण्यात टिकतो असे सांगणाऱ्या 'आयपी ६८' या शिक्क्यावरही विसंबू नये. ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. चार्जिंगचा खाचा गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा होईपर्यंत केबल लावू नये.

किनाऱ्यावर पर्यटकांचे फोटो काढून पोट भरणारे अनेक जण आहेत. त्यांचा कॅमेरा गेला तर ऐन हंगामाची कमाई बुडते. ग्रामपंचायतींनी आणि हॉटेलवाल्यांनी किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा एक नळ आणि सावलीत एक फळी एवढी सोय केली, तर त्यांच्याइतकाच पर्यटकांचाही फायदा होईल. आपल्या पर्यटन पुरवणीतही तांदळाच्या सल्ल्याऐवजी वर दिलेली साफसफाईची कृती छापावी. तिच्याशेजारी त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ट्रायपॉड कुठवर न्यायचा, हे त्यावरूनच ठरते.

आपला,
कॅमेरा दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
रत्नागिरी