कुस्को सहलीची चुकीची आखणी, त्यामुळे झालेला त्रास आणि परताव्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
(आपल्या कंपनीचे पुणे कार्यालय)

विषय : पेरू सहलीतील कुस्कोच्या मुक्कामाची आखणी, जाहिरातीत दिलेली पण न मिळालेली दर्शने आणि रद्द कराव्या लागलेल्या फेरीचे पैसे.

महोदय,

मे महिन्याच्या अखेरीस निघालेल्या आपल्या पेरू सहलीत मी आणि माझे पती होतो. सहलीची पूर्ण रक्कम आम्ही निघण्याआधीच भरली होती. परत आल्यावर मी आपल्याला सविस्तर ईमेल पाठवली. त्यावर जे चार ओळींचे उत्तर आले ते मला मान्य नाही, म्हणून ही रीतसर लेखी तक्रार करत आहे.

आमची मुख्य तक्रार कुस्कोच्या चार रात्रींबद्दल आहे. मुक्काम थोड्या दिवसांचा होता हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याबद्दल काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती ठिकाणे ज्या क्रमाने लावली त्याबद्दल. हाच कार्यक्रम, तेवढ्याच रात्री, तीच हॉटेले ठेवून उलटा लावला असता तर माझ्या पतींना पहिल्या रात्री ऑक्सिजन लावायची वेळ बहुधा आली नसती.

लिमा हे समुद्रकाठचे शहर. तिथून विमान सुटते आणि सव्वा तासात कुस्कोला उतरते, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी जातो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला एक-दोन दिवस लागतात. आपल्या कार्यक्रमात त्याला दोन तासही ठेवलेले नव्हते. सकाळच्या विमानाने उतरलो, हॉटेलात सामान टाकले, भरपेट बुफे जेवण झाले आणि दुपारी दोनला बस हजर. आधी कॅथेड्रल, मग कोरिकांचा हे इंकांचे (पेरूच्या जुन्या राज्यकर्त्यांचे) सूर्यमंदिर, तिथून शहराच्या वर साक्सायवामान, केनको, पुका पुकारा आणि तांबोमाचाय हे इंकांचे अवशेष. साक्सायवामान सुमारे ३,७०० मीटरवर आहे. म्हणजे उतरल्या दिवशीच आपण आम्हाला आणखी तीनशे मीटर वर नेलेत आणि तिथे पायऱ्याही चढायला लावल्यात.

साक्सायवामानच्या त्या नागमोडी तटबंदीपाशी पोहोचलो तेव्हा माझे पती बोलायचे थांबले होते. ते पायरीवर बसले, दोन्ही हातांनी कपाळ धरले आणि "जरा थांबू" एवढेच म्हणाले. स्थानिक गाइड तरुण होती, तिने लगेच ओळखले आणि आम्हाला टॅक्सीने हॉटेलात परत पाठवले. तिचे मी मनापासून कौतुक करते. रात्री डोकेदुखी वाढली, उलट्या सुरू झाल्या, पाणीसुद्धा टिकेना. रिसेप्शनवरच्या मुलाने चाकांचा ऑक्सिजन सिलिंडर ढकलत खोलीपर्यंत आणला, मास्क लावला. डॉक्टर आले, त्यांनी बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू पाहिला, आकडा ऐंशी टक्क्यांच्या खाली होता. रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे हे मी अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या खुणांनी सांगत होते. आपल्या टूर मॅनेजरना मी दोनदा फोन केला. "कोकाच्या पानांचा चहा द्या, सकाळपर्यंत उतरेल," एवढेच ते म्हणाले. खोलीत आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्ट्यानंतर.

आपल्या ईमेलमध्ये लिहिले आहे की उंचीचा त्रास ही नैसर्गिक बाब असून कंपनी त्यास जबाबदार नाही. दरड कोसळली, रेल्वे बंद पडली, विमान रद्द झाले तर ते मी मान्य केले असते. पण कुस्कोची उंची आयत्या वेळी उद्भवलेली नाही. कार्यक्रम आखणाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून माहीत असते, आणि आपल्याला ती नक्कीच माहीत आहे. याचा पुरावा आपल्याकडेच आहे. आपल्याच लडाख सहलीच्या पत्रिकेत लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस "पूर्ण विश्रांती, हवामानाशी जुळवून घेणे" असे ठळक अक्षरांत छापलेले आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, कुस्को ३,४०० वर. लेहला जी काळजी घेता ती कुस्कोला का घेतली नाहीत, या प्रश्नाचे उत्तर मला लेखी हवे आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. आपले बहुतेक प्रवासी त्याहून उंच जागी फारसे झोपलेले नसतात, आणि त्यांतले निम्मे आमच्यासारखे साठीच्या पुढचे असतात.

आता क्रमाबद्दल. कुस्कोच्या आसपास एक सोय आहे. शहरापासून दीड-दोन तासांवर उरुबांबा नदीचे खोरे शहरापेक्षा बरेच खाली आहे. ओयांतायतांबो साधारण २,८०० मीटरवर, माचू पिचूच्या पायथ्याचे आग्वास कालिएंतेस साधारण २,००० मीटरवर, आणि खुद्द माचू पिचू, म्हणजे इंकांचे डोंगरावरचे जुने शहर, सुमारे २,४३० मीटरवर, कुस्कोपेक्षा जवळजवळ हजार मीटर खाली. थोड्या दिवसांचा मुक्काम असेल तर विमानतळावरून गाडीने थेट खोऱ्यात उतरायचे, पहिली रात्र ओयांतायतांबोला काढायची, दुसऱ्या दिवशी रेल्वेने आग्वास कालिएंतेस, तिसऱ्या दिवशी माचू पिचू करून रात्री कुस्को, आणि चौथा दिवस पूर्ण कुस्को शहरासाठी. तोवर शरीर तयार झालेले असते. दिवसा एखादा घाट ओलांडून जाणे वेगळे, रात्री किती उंचीवर झोपतो हे महत्त्वाचे, असे मला पुण्यात आल्यावर आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. हे आमच्या बाबतीत घडलेलेही दिसले. तिसऱ्या दिवशी बस खोऱ्यात उतरली आणि ओयांतायतांबोच्या चौकात माझ्या पतींनी स्वतःहून सूप मागितले. उतरण होताच दोन दिवसांचा त्रास संध्याकाळपर्यंत निवळला होता.

दुसऱ्या दिवशी आपण विनिकुंका, म्हणजे ज्याला रेनबो माउंटन म्हणतात, तिथली फेरी ठेवली होती. ती जागा ५,००० मीटरच्या वर आहे. समुद्रसपाटीवरून आलेल्या ज्येष्ठ नागरिकांना चोवीस तासांच्या आत पाच हजार मीटरवर चालायला नेणारा कार्यक्रम कोणत्या डॉक्टरांना विचारून ठरवला? पत्रिकेत ही फेरी "ऐच्छिक" आहे, पण पैसे बुकिंगच्या वेळीच घेतले आणि आता "वापरली नाही म्हणून परतावा नाही" असे कळवता. पहाटे तीनला बस निघाली तेव्हा माझे पती मास्क लावून पडले होते आणि मी त्यांच्या उशाशी बसले होते. ही फेरी आम्ही हौसेने सोडली नाही, आदल्या दिवशीच्या आखणीमुळे सोडावी लागली.

निघण्यापूर्वी आपल्या कार्यालयात जी बैठक झाली तिथे सामानाचे वजन, फॉरेक्स कार्ड, सिमकार्ड, शाकाहारी जेवण, सगळ्यांवर छान माहिती मिळाली. उंची हा विषय "थोडा दम लागतो, पाणी पीत राहा" एवढ्यावर संपला. पत्रिकेत एकाही ठिकाणची उंची मीटरमध्ये दिलेली नाही. आपल्या डॉक्टरांना भेटून या, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारून या, असे कोणी म्हटले नाही. उंचीच्या त्रासाला आळा घालणारी ॲसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चढण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करायची असते आणि सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तसे आधी सांगायचे असते. कुस्कोला पोहोचून डोके दुखायला लागल्यावर हे कळणे म्हणजे फार उशिरा कळणे. कोकाचा चहा तिथे सगळीकडे मिळतो, गरम गरम बरा वाटतो, पण तो औषधोपचार नव्हे. आणखी एक. त्या पानांची पाकिटे पेरूत कायदेशीर असली तरी भारतात आणणे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो. आमच्या गटातल्या एका काकूंनी ती नातेवाइकांना द्यायला घेतली होती. विमानतळावर गाइडने सावध केले म्हणून त्यांनी टाकून दिली. हे सांगणे टूर मॅनेजरचे काम होते.

तिकिटांबद्दलही स्पष्ट लिहिते. पत्रिकेत "कुस्को : सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट" असे आहे. प्रत्यक्षात आपण घेतले होते ते बोलेतो तुरीस्तिको, म्हणजे शहर आणि खोऱ्यातल्या सोळा जागांचे एकत्र तिकीट. त्यात साक्सायवामान, पिसाक, ओयांतायतांबो येतात. कॅथेड्रल येत नाही. कोरिकांचाच्या आवारातले वस्तुसंग्रहालय येते, पण ज्या मठाच्या आत इंकांच्या भिंती आहेत तो मठ येत नाही. दोन्ही ठिकाणी आम्ही खिशातून पैसे भरले. माचू पिचूची तिकिटे आता ठरावीक वेळेची आणि ठरावीक मार्गाची असतात. आमच्या हातात पहिल्या सर्किटचे, म्हणजे पहिल्या मार्गाचे, तिकीट आले. त्यावर वरच्या गच्च्यांवरून सगळे शहर दिसते, फोटोही सुंदर येतात, पण खालच्या घरांत, देवळांत, चौकांत शिरता येत नाही. आपल्या पत्रिकेत मात्र "मंदिरे व राजवाड्यांमधून मार्गदर्शित फेरफटका" छापले आहे. त्यासाठी दुसऱ्या सर्किटचे तिकीट वेळेत काढायला हवे होते. आम्ही बुकिंग कितीतरी महिने आधी केले होते, त्यामुळे तिकिटे संपली हे कारण मला पटत नाही.

मी शाळेत इतिहास शिकवत असे. हे शहर पाहायचे ही माझी फार जुनी इच्छा. इंका सम्राट पाचाकुतीच्या काळात उभी राहिलेली राजधानी, १५३३ मध्ये स्पॅनिश सेनानी पिझारोच्या ताब्यात गेली, आणि स्पॅनिश लोकांनी तिच्याच भिंतींवर आपली चर्चे आणि वाडे चढवले. खाली चुना-मातीशिवाय एकमेकांत बसवलेले इंकांचे दगड आणि वर कमानी-बाल्कन्या, असे ते दुमजली शहर आहे. युनेस्कोने १९८३ साली त्याला जागतिक वारसा म्हणून घेतले ते याचसाठी. कोरिकांचावर बांधलेले सांतो दोमिंगो हे चर्च १६५० आणि १९५० च्या भूकंपांत मोडले, आणि दुसऱ्या वेळी पडझडीतून आतल्या जुन्या भिंती उघड्या झाल्या. त्या भिंतींसमोर मला वीस मिनिटे मिळाली, कारण बस वर जायची होती. तिथला एक दगडाचा सांधा मी जवळून पाहिला. आतल्या बाजूला किंचित कललेली भिंत, दगडाला दगड असा लागलेला की मध्ये सावलीची रेघसुद्धा दिसत नाही. एका कोनाड्याचे काठ इतके सरळ होते की मी चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिले. आणखी तासभर थांबायला मी काहीही दिले असते. हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड, सान ब्लासचा चढ, सान पेद्रोचा बाजार, यांतले काहीच पाहता आले नाही. माचू पिचूहून रात्री परतलो आणि सकाळी विमानतळावर. शहराला एक पूर्ण दिवस शेवटी ठेवला असता तर हे सगळे पायी, सावकाश झाले असते. आता पुन्हा तेवढ्या लांब जाणे आमच्या वयाला आणि खिशाला शक्य नाही. या नुकसानीची किंमत मी मागत नाही, कारण ती ठरवता येणार नाही. पण ते झाले आहे याची नोंद आपल्या दप्तरी व्हावी.

माझ्या मागण्या अशा. विनिकुंका फेरीचे आम्हा दोघांचे पूर्ण पैसे परत मिळावेत. कॅथेड्रल आणि कोरिकांचाचे शुल्क, टॅक्सीभाडे, डॉक्टरांची फी आणि ऑक्सिजनचा खर्च, विमा कंपनीने दिलेला भाग वजा करून, मिळावा. माचू पिचूच्या दोन सर्किटांमधला फरक आणि न मिळालेल्या फेरफटक्याबद्दल वाजवी भरपाई मिळावी. टूर मॅनेजर रात्री का आले नाहीत याचा लेखी खुलासा हवा. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यापुढच्या गटांसाठी कार्यक्रम खोऱ्यापासून सुरू करावा, प्रत्येक मुक्कामाची उंची पत्रिकेत छापावी आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यायला प्रवाशांना स्पष्ट सांगावे. आपल्या संकेतस्थळावर पुढच्या हंगामाचा कार्यक्रम अजून तसाच आहे, पहिल्या दुपारी साक्सायवामान आणि दुसऱ्या पहाटे विनिकुंका. त्यात नाव नोंदवलेली माणसे आज पैसे भरत आहेत. त्यांना तरी हे वेळेत कळू द्या.

या पत्राचे उत्तर पंधरा दिवसांत लेखी मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. भरलेल्या रकमेच्या पावत्या, छापील कार्यक्रमपत्रिका, आपल्याच लडाख सहलीच्या पत्रिकेची प्रत, डॉक्टरांचे बिल आणि त्याचा इंग्रजी तर्जुमा, माचू पिचूची तिकिटे आणि टूर मॅनेजरना केलेल्या दोन्ही फोनची वेळ दाखवणारे पान सोबत जोडले आहे. मूळ कागद माझ्याकडे आहेत, पाहायचे असल्यास मी ते घेऊन कार्यालयात येईन. फोन करायचा असेल तर बुकिंगमध्ये दिलेल्या माझ्या क्रमांकावर करावा. पतींच्या क्रमांकावर करू नये, त्यांना अजून विश्रांती सांगितली आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(बुकिंग नोंदणीतील प्रथम प्रवासी), पुणे