खाट क्रमांक सहावरच्या बाईची उंची किती होती?

मा. लोकआरोग्य व वैद्यकीय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

इंदूरच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात मी बावीस वर्षे काढली, आधी स्टाफ नर्स आणि शेवटची काही वर्षे इन्चार्ज सिस्टर म्हणून. आता निवृत्त आहे, रामबागेत राहते. या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवली आहे. मराठीत लिहिते ते इंदूर, देवास, उज्जैनच्या आपल्या घरांनीही वाचावे म्हणून. त्यातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी २०२१ च्या एप्रिलमध्ये आयसीयूच्या दाराबाहेर बसून होते.

खाट क्रमांक सहावर एक बाई होती. झाबुआकडची, पस्तिशीची, न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसे भरलेली. रात्री ट्यूब टाकली, व्हेंटिलेटर लावला. प्रत्येक श्वासाला मशीन किती हवा आत ढकलणार, तो आकडा ४५० मिलीलिटर ठेवला गेला. मोठ्या माणसाला तेवढा ठेवायचा, अशी तिथली वहिवाट होती. चौथ्या दिवशी सकाळी तिला स्पंज करताना माझ्या लक्षात आले की हिचे पाय खाटेच्या टोकापासून फार लांब राहतात. दुसऱ्या दिवशी घरून शिवणाची टेप नेली. उंची भरली १५० सेंटिमीटर.

हा आकडा महत्त्वाचा का, ते सांगते. व्हेंटिलेटरची हवा काट्यावरच्या वजनावर ठरत नाही, उंचीवरून काढलेल्या वजनावर ठरते. माणूस जाड झाला म्हणून त्याचे फुप्फुस मोठे होत नाही. १५० सेंटिमीटरच्या बाईचे हे हिशेबाचे वजन साधारण ४३ किलो येते. किलोमागे ६ मिली धरले तर एका श्वासाला २६० मिली. आम्ही देत होतो ४५०, म्हणजे किलोमागे दहाच्याही वर. आणि अशा आजारात, ज्याला डॉक्टर एआरडीएस म्हणतात, फुप्फुसाचा बराचसा भाग पाण्याने भरून मिटलेला असतो. हवा जाते ती उरलेल्या थोड्याशा चांगल्या भागात, लहान मुलाच्या फुप्फुसाएवढ्या जागेत. तिथे मोठ्या माणसाची हवा कोंबली की तो चांगला भागही ताणून फाटायला लागतो.

हे काही माझे तर्कट नव्हे. २००० साली अमेरिकेत अशाच आजाराच्या ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किलोमागे १२ मिली हवा मिळालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के दगावले, ६ मिली मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, एक बटण कमी फिरवायचे आणि दर शंभरांत नऊ माणसे जास्त वाचायची. मी टेप नेली तेव्हा हे जगाला कळून दहा वर्षे उलटली होती.

ती बाई वाचली नाही. त्या हवेमुळेच ती गेली असे मी म्हणत नाही, तसे कुणालाच सांगता येणार नाही. तिच्या केसपेपरवर उंचीची जागा कोरी होती आणि फाइल बांधून रेकॉर्ड रूमला गेली. तिच्याआधी आणि तिच्यानंतर किती जणींची जागा कोरी राहिली, हे विचारायला कोणी आले नाही. माझे सगळे म्हणणे या कोऱ्या जागेबद्दल आहे.

महोदय, ते उंचीवरून वजन काढायचे सूत्रही परदेशातलेच आहे. आमच्या माळव्या-निमाडातल्या, झाबुआ-अलिराजपूरच्या माणसांना ते कितपत लागू पडते? एवढे तर सर्वमान्य आहे की त्याच उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीय माणसाच्या फुप्फुसात हवा कमी मावते. फुंकून करायच्या तपासणीचे आपले मापदंड म्हणूनच वेगळे आहेत. मग व्हेंटिलेटरवरच्या आपल्या माणसाला ६ मिली बरोबर की त्याहून कमी? याचे उत्तर आपल्याच खाटांवरून मिळायला हवे. पण उंचीच लिहून ठेवली नाही तर ते शोधायचे कशात?

आता माझ्या घरातले सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे धाकटे दीर कोविडने दाखल झाले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, प्लाझ्मा आणा. भाऊजींचा रक्तगट बी निगेटिव्ह. आम्ही दोन दिवस अन् दोन रात्री फोन करत होतो, पुतण्या मोटारसायकलवरून देवासला जाऊन आला, ओळखीच्या प्रत्येक घरी विचारले की तुमच्याकडे कोणी कोविडमधून उठलेले आहे का. त्या दोन दिवसांत भाऊजींजवळ कोणी नव्हते. दाराच्या काचेतून हात हलवायलाही नाही. प्लाझ्मा मिळाला, चढवला, आणि ते पाचव्या दिवशी गेले.

पुढे मला कळले ते असे. आपल्याच देशात, आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची रीतसर चाचणी घेतली होती, २०२० च्या एप्रिल ते जुलैत, साथ पसरत असताना. आजार बळावणे किंवा मृत्यू, यांचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के आणि न दिलेल्यांत १८ टक्के निघाले. फायदा शून्य. हा निष्कर्ष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छापूनही आला. सरकारी उपचारसूचीतून प्लाझ्मा निघाला तो १७ मे २०२१ ला. भाऊजी त्याआधी तीन आठवडे गेले होते. मी बावीस वर्षे आयसीयूत काढलेली बाई, मलासुद्धा त्या चाचणीचे नाव माहीत नव्हते. माहीत असते तर मी पुतण्याला देवासला पाठवले नसते. त्याला त्या काचेपाशी उभे केले असते.

म्हणून कोणी म्हणाले की संशोधन हे दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांचे काम, आपण उपचार करावेत, तर मला राग येतो. त्या ३९ रुग्णालयांनी धावपळीच्या दिवसांत नोंदी ठेवल्या म्हणून देशाला खरे काय ते कळले. झारखंडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथे क्षयरुग्णांच्या घरच्यांना जास्तीचा शिधा देऊन पाहिले, आणि त्या घरांत नवा क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे महिन्याचे ५०० रुपये १००० झाले. गावच्या घरांतून शिध्याचा आणि वजनाचा हिशेब ठेवला गेला, त्यातून देशभराच्या रुग्णांच्या ताटात फरक पडला.

आपल्या राज्याकडे तर प्रश्नांची खाण आहे. मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिलींच्या कारखान्यांत धुळीने फुप्फुसे दगड झालेल्या कामगारांसाठी १९८२ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. अलिराजपूर, झाबुआ, धारचे आदिवासी गुजरातेत गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत जाऊन सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा तोच फुप्फुसाचा आजार, घेऊन परतले. त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये द्यावा लागला. यांतले कितीतरी जण आधी टीबी म्हणून औषधे घेत राहतात, कारण खोकला तोच, बारीक होणे तेच आणि एक्स-रेही फसवतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबीही चटकन धरतो. असा माणूस शेवटी आमच्याकडे व्हेंटिलेटरला येतो तेव्हा 'पूर्वी काय काम करत होतात' हा रकाना फॉर्मवर नसतो. मी तो पेन्सिलीने समासात लिहीत असे.

आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन खाती आपल्या राज्यात आता एकत्र आली आहेत. रुग्णालयही आपले आणि महाविद्यालयही आपले, म्हणून हे पत्र आपल्याला. मागणे मोठे नाही. राज्यातल्या प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आयसीयूत एकच नोंदवही असावी, संगणकावर, नावाशिवाय: उंची, पूर्वीचे काम, चूल की गॅस, आधी टीबी झाला होता का, किती मिली हवा दिली, पालथे किती तास झोपवले, आणि घरी गेल्यावर तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी माणूस जिवंत आहे का, जिना चढतो का. हे शेवटचे सर्वांत अवघड. आमचे रुग्ण बडवानी-खरगोनच्या पाड्यांवर परत जातात, नंबर बदलतात, आणि आम्ही 'सुधारणा होऊन घरी पाठवले' असे लिहून मोकळे होतो. त्यातले किती जण वर्षभर जगले, हे मला आजही माहीत नाही, आणि रात्री जाग आली की हाच विचार येतो. आशाताई त्या पाड्यांपर्यंत पोचते. तिला या कामाचे वेगळे पैसे द्या.

हे लिहिणार कोण, हाही प्रश्न आहे. नर्सवर लादू नका, हात जोडून सांगते. आठ खाटांना रात्री दोन सिस्टर असतात. पालथे झोपवल्याने गंभीर एआरडीएसचे मृत्यू निम्म्यावर आल्याचे २०१३ साली फ्रान्स-स्पेनमधल्या अभ्यासाने दाखवले. पण ट्यूब आणि नळ्या सांभाळून एका माणसाला पालथे करायला चार-पाच जण लागतात. ते नसतील तर ज्ञान कागदावर राहते. नोंदीसाठी प्रत्येक आयसीयूला एक वेगळी व्यक्ती नेमा, पगारी, पक्की. आणि वर्षाकाठी निष्कर्ष हिंदीत छापून वॉर्डावर लावा, सिस्टरच्या टेबलासमोर.

आमचे इंदूर घरोघरचा ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा घेते. कुठल्या वॉर्डातून किती गाड्या भरल्या याचा हिशेब ठेवते, आणि २०१७ पासून त्यामुळेच देशभर त्याचे नाव झाले. त्या शहराला व्हेंटिलेटरवरच्या माणसांचा हिशेब ठेवणे जड जाणार नाही. सुरुवात इथून करा.

पहिल्या दिवशी मी स्वतः येईन. झोपलेल्या रुग्णाची उंची मोजायची एक पद्धत आहे: खाट सपाट करायची, टाच सरळ करायची, टेप डोक्यापासून टाचेपर्यंत अंगाच्या बाजूने धरायची, पाय मुडपलेला असेल तर हाताच्या वावेवरून अंदाज काढायचा. दोघींना दोन मिनिटे लागतात. नव्या मुलींना शिकवीन. टेप माझी घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
रामबाग, इंदूर