स्पेलिंग घोकून घेणं थांबवा

संपादक महोदय,

लहान मुलांकडून अजूनही 'सी ए टी कॅट' घोकून घेतात हे बघून खरंच वाईट वाटतं. इंग्रजीत अक्षरं 26 पण आवाज साधारण 44, मग नुसती अक्षरांची नावं पाठ करून मूल वाचणार कसं? आधी आवाज शिकवा, ते जोडून त्याला स्वतः वाचू दे, मग पॅटर्न दाखवा, म्हणजे कॅपच्या शेवटी ई लावला की केप, टॅपचं टेप, आणि तो ई स्वतः मात्र गप्प, हे एकदा कळलं की पोरं पुढचे शब्द आपणच सोडवायला लागतात. 'सेड' (said), 'वन' (one) असले पॅटर्नमध्ये न बसणारे शब्द पाठ करावेच लागतात, ठीक आहे. आणि प्लीज, 'बी'चा आवाज 'बऽ' असा ओढू नका, बऽ-ॲ-टऽ जोडून बॅट होत नाही, मूल उगाच गोंधळतं. शिक्षकांना याचं ट्रेनिंग आधी द्या.

– एक पालक