एका अर्थ वायरसाठी चार बिलं

नागपूर, दि. 20 सप्टेंबर 2024

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय : आपल्या नागपूर वर्कशॉपने माझ्या मारुती 800 गाडीतला दोष न शोधता सुटे भाग बदलत राहिल्याबाबत आणि 9,460 रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझी गाडी 2008 सालची मारुती 800, पेट्रोल, एमएच 31 पासिंग. गेल्या वर्षी तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत पाच हजार रुपये फी भरून नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं. आरसी 2028 पर्यंत वैध आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण मे महिन्यापासून आपल्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरनी मला तीनदा सांगितलं, "मॅडम, आता काढून टाका, स्क्रॅपमध्ये द्या." गाडी ठेवायची की काढायची हे मी त्यांना विचारलेलं नव्हतं. गाडी सुरू का होत नाही, एवढंच विचारलं होतं.

मी 26 वर्षं एका सहकारी बँकेत कॅश काउंटरवर होते. बिलं जपून ठेवायची आणि आकडे दोनदा बघायचे ही सवय काही सुटलेली नाही. त्यामुळे खालची प्रत्येक तारीख आणि रक्कम आपल्याच बिलांवरून घेतली आहे.

मे महिन्याच्या शेवटी, नवतपा सुरू असताना, गोकुळपेठ बाजारात गाडी पहिल्यांदा अडली. भाजीच्या पिशव्या मागच्या सीटवर, किल्ली फिरवली तर नुसतं "टक्". पुन्हा फिरवली, पुन्हा "टक्". हेडलाइट झक्क लागत होते, हॉर्न खणखणीत वाजत होता. आपल्या हेल्पलाइनला मी फोनवर हे अगदी असंच सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "नागपूरचं ऊन आहे मॅडम, बॅटरी गेली असणार." माणूस आला, बॅटरी बदलली, गाडी सुरू झाली. 29 मे, 4,450 रुपये.

या बिलाबद्दल माझी तक्रार नाही. जुनी बॅटरी चार वर्षांची होती आणि आपल्याकडच्या उन्हात बॅटरीचं पाणी लवकर आटतं, आतल्या प्लेटा लवकर झिजतात, हे मलाही कळतं. आज ना उद्या ती बदलावीच लागली असती. तरी एक आठवण सांगते. त्याच आठवड्यात नागपुरातल्या हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने तापमान 56 अंश दाखवलं होतं आणि सगळ्या बातम्यांमध्ये तेच चाललं होतं. खात्याने तपासणी केली आणि सेन्सर बिघडला असल्याचं सांगितलं. म्हणजे आकडा विचित्र वाटला तर मोजणारं यंत्रही तपासतात. माझ्या गाडीला त्या दिवशी कोणी साधा मीटर लावला नाही.

जुलैत पावसात तेच. या वेळी घरासमोरच, त्रिमूर्ती नगरात. कधी "टक्", कधी इंजिन कण्हत कण्हत अर्धा फेरा घ्यायचं आणि गप्प. भरीला क्लच एवढा जड झाला की डाव्या पायाची पोटरी दुखायला लागली. गाडी उचलून नेली. आपल्या अ‍ॅडव्हायजरनी आधी विचारलं, "सर आले नाहीत का?" सर येणार नव्हते. गाडी माझ्या नावावर आहे आणि सोळा वर्षं मीच चालवते. क्लच जड झाल्याचं सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, क्लचवर पाय ठेवून चालवत असाल." बॅटरीचे टर्मिनल घासून साफ केले, क्लच केबल बदलली, गाडी सुरू करून दिली. 22 जुलै. टोइंग 1,200, केबल 580, मजुरी 400, एकूण 2,180.

तीन आठवड्यांत गाडी पुन्हा बंद आणि नव्या केबलचा क्लच पुन्हा जड. आता सांगण्यात आलं की स्टार्टर मोटर, म्हणजे किल्ली फिरवल्यावर इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, खराब आहे. मोटर 4,900, तिची मजुरी 900, वर परत एकदा क्लच केबल मजुरीसकट 980. 12 ऑगस्टचं हे बिल 6,780 रुपयांचं. नवी केबल तीन आठवड्यांत कशी जाते, असं मी विचारलं. "लोकल पार्ट लागला असेल" असं उत्तर मिळालं. पार्ट आपणच लावला होता, आणि बिलावर "ओरिजिनल" असं छापलेलं आहे.

पोळ्याच्या दिवशी गाडी चौथ्यांदा अडली. आपला माणूस जंपर केबल घेऊन आला. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचे दोन्ही टर्मिनल माझ्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला जोडले. काही झालं नाही. मग स्कॅनर लावला. त्यात व्होल्टेज कमी असल्याचा काहीतरी कोड आला आणि निष्कर्ष निघाला, "ईसीएम गेलाय," म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. स्कॅनिंगचे 500 रुपये जागेवरच घेतले आणि संध्याकाळी ईसीएमचं 14,500 रुपयांचं अंदाजपत्रक मोबाइलवर आलं. सोबत तिसऱ्यांदा तोच स्क्रॅपचा सल्ला.

मी ते मंजूर केलं नाही. दुसऱ्या दिवशी जयताळा रोडवरच्या टिनाच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनना घरी बोलावलं. पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण माझी सगळी तक्रार याच अर्ध्या तासातून उभी राहिली आहे.

त्यांनी पाना काढला नाही की स्कॅनर मागितला नाही. मला म्हणाले, "ताई, तुम्ही सेल मारा, मी पाहतो." मी चार-पाच वेळा किल्ली फिरवली. ते बोनेटखाली वाकून उभे. एकदम हात मागे घेतला आणि म्हणाले, "इकडं या जी. या केबलले हात लावून पाहा, पण जपून." ती क्लच केबल होती. चहाच्या भांड्याच्या कानासारखी तापलेली. इंजिन एक फेराही फिरलं नव्हतं, क्लचचं पेडल कोणी दाबलं नव्हतं, तरी ती तापली होती.

मग मीटर काढला. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मी सेल मारत असतानाही ती 12 च्या खाली आली नाही. त्यांनी समजावलं की स्टार्टर खरोखर जोर लावतो तेव्हा बॅटरी दहा-अकरा व्होल्टपर्यंत दबली पाहिजे. दबतच नाही म्हणजे करंट स्टार्टरपर्यंत जातच नाही. गोकुळपेठेत हेडलाइट मंद न होण्याचं कारणही हेच होतं. बॅटरी बसली असती तर किल्ली फिरवताच दिवे मंदावले असते.

त्यानंतर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर ठेवली आणि मला पुन्हा सेल मारायला लावला. मीटरवर 6.4. मी बँकेतली बाई, मला त्या आकड्याचा अर्थ कळेना. त्यांनी सांगितलं की इथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. "बॅटरी बी चांगली, स्टार्टर बी चांगला. इंजिनले अर्थच भेटून नाही रायला. मंग करंट काय करंन? सापडंन त्या रस्त्यानं जाते. तुमच्या क्लच केबलनं जाऊन रायला बिचारा."

बॅटरीच्या निगेटिव्हकडून दोन वायरी निघतात. एक बॉडीला जाते, ती ठणठणीत होती, म्हणून दिवे आणि हॉर्न चालत होते. दुसरी, म्हणजे इंजिनची अर्थ वायर, खाली गिअरबॉक्सला जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात, त्यामुळे स्टार्टरचा करंट परत येण्यासाठी खरा रस्ता ही दुसरी वायरच. तिचा बोल्ट त्यांनी बोटांनी फिरवला. पाना लागलाच नाही. वायरच्या टोकाला हिरवट-पांढरी बुरशी चढलेली, तारांच्या जुडीतल्या मोजून पाच-सहा तारा शिल्लक, आणि खाली तेलमातीचा थर. स्टार्टरसारखी मोटर शंभर-सव्वाशे अँपिअर मागते. तेवढा करंट क्लचच्या बारीक पोलादी तारेतून जायला लागला की तार तापणार आणि तिच्या आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून चिकटणार. माझा क्लच जड होत होता तो यामुळे. माझ्या पायाचा त्यात काही संबंध नव्हता.

खात्रीसाठी त्यांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या हुकाला लावलं. मी किल्ली फिरवली आणि गाडी एका सेलमध्ये सुरू झाली. आदल्या दिवशी आपल्या माणसाने जंपरचा काळा चिमटा बॅटरीच्या टर्मिनलऐवजी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावला असता, तर दोष तिथेच सापडला असता. बॅटरीजवळ ठिणगी पडू नये म्हणून तसाच लावायचा असतो, असं माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्येही लिहिलं आहे. ते मी नंतर काढून वाचलं.

नवी वायर 180 रुपये. गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. मजुरी 150. परत मीटर लावला तेव्हा 6.4 च्या जागी 0.2. एकूण खर्च 330 रुपये. त्यानंतर आजपर्यंत, मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत अडकून तीनदा बंद-चालू करूनसुद्धा, गाडी एकदाही अडलेली नाही.

आता आपण म्हणाल की बॅटरी बदलल्यावर गाडी दोन महिने चालली, स्टार्टर बदलल्यावर तीन आठवडे चालली, मग दोष तिथेही असणारच. मीही हेच विचारलं. उत्तर असं की प्रत्येक वेळी काम करताना त्या वायरी हलल्या, बोल्टखालची बुरशी थोडी सरकली आणि तात्पुरता संपर्क झाला. मोटर काढायची तर त्याच बाजूला हात घालावा लागतो. म्हणजे आपल्या लोकांचा हात दोष असलेल्या जागेपासून वीतभर अंतरावर होता.

आणखी एक कागद सोबत जोडते. यंदा जानेवारीत क्लच प्लेट आपल्याच वर्कशॉपमध्ये बदलली. बिलावर "गिअरबॉक्स उतरवणे-चढवणे" अशी ओळ आहे. गिअरबॉक्स उतरवायचा तर ती अर्थ वायर आधी सोडवावीच लागते. वायर तेव्हाच कुजायला लागली असेल, वय झालं होतं तिचं. ते आपल्या माथी मारत नाही. पण ती हातात आली होती. बोल्ट परत लावला तेव्हा तो कोणी आवळला नाही, आणि पुढे चार वेळा गाडी अडली तेव्हा कोणी तो तपासलाही नाही.

माझं मागणं मर्यादित आहे. बॅटरीचे 4,450 मी मागत नाही. बाकीचे 2,180, 6,780 आणि 500 मिळून 9,460 रुपये मला परत हवेत. दुसरं, माझी जुनी स्टार्टर मोटर मला हवी आहे. 12 ऑगस्टच्या जॉब कार्डवर "जुना पार्ट ग्राहकास परत" या चौकटीत खूण केलेली आहे, पण मोटर मला मिळालेली नाही आणि त्या खुणेपुढे माझी सही नाही. ती चालू स्थितीत होती असं मला वाटतं. गाडीबाहेर बॅटरीला जोडून तपासून दाखवा, मग बोलू. तिसरं, ज्या अ‍ॅडव्हायजरनी मी सांगितलेली दोन लक्षणं, दिवे मंद न होणं आणि क्लच जड होणं, जॉब कार्डवर लिहूनही घेतली नाहीत, त्यांच्याकडून लेखी खुलासा हवा. चारही जॉब कार्डवर तक्रारीच्या रकान्यात "गाडी सुरू होत नाही" एवढे चारच शब्द आहेत.

या पत्रापासून 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो, आणि माझ्याकडे वेळ भरपूर आहे.

पाचही बिलांच्या प्रती, ईसीएमच्या अंदाजपत्रकाची प्रिंट, मीटरवरच्या दोन्ही आकड्यांचे फोटो आणि 330 रुपयांची हाताने लिहिलेली पावती सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव, पत्ता आणि फोन जॉब कार्डवर आहेत.)

ता. क. : 12 ऑगस्टला दुसऱ्यांदा क्लच केबल बदलली तेव्हा काढलेली केबल मी हट्टाने मागून घेतली होती. वर्कशॉपमधला मुलगा हसला होता. आता मध्ये कापून पाहिली, तर अस्तर वितळून तारेला चिकटलेलं स्पष्ट दिसतं आणि अजूनही जळका वास येतो. ती मूळ स्वरूपात माझ्याकडेच ठेवली आहे, पाठवत नाही. पाहायची असल्यास घरी यावं.