न भेटलेल्या सहकाऱ्यांचे ऋण

शोधनिबंधाचा कच्चा मसुदा मी सर्वांसाठी खुला ठेवला, तेव्हा तो कोणी शेवटपर्यंत वाचेल अशी अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात ज्यांना मी कधी भेटलो नाही आणि ज्यांच्यापैकी काहींची खरी नावेही मला ठाऊक नाहीत, अशा अभ्यासकांनी तो ओळीओळीने तपासला. त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

सर्वांत मोठे ऋण आहे ते तिसऱ्या तक्त्यातील चूक दाखवणाऱ्या व्यक्तीचे. गहाळ नोंदींच्या जागी शून्य धरले गेल्यामुळे माझी सरासरी खाली ओढली गेली होती, आणि पुढचा सगळा युक्तिवाद त्या सरासरीवरच उभा होता. त्यांनी केवळ दोष सांगितला नाही, तर मूळ विदा (डेटा) घेऊन गणित पुन्हा करून पाठवले, तेही खासगीत, माझी लाज राखून. (त्या सरासरीतून काढलेला निष्कर्ष मला अतिशय प्रिय होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.) संदर्भ आणि भाषा तपासणाऱ्यांचेही आभार.

२००९ मध्ये ब्रिटिश गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने अनेक गणितज्ञांनी संयोजनशास्त्र या गणितशाखेतील हेल्स-ज्युएट प्रमेयाच्या घनता-रूपाची नवी सिद्धता खुल्या चर्चेतून शोधली आणि ती डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक टोपणनावाने प्रसिद्ध केली. माझे काम त्या तोलाचे नाही. पण अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय कसे द्यायचे, हा प्रश्न तोच आहे. सहलेखक होण्याची माझी विनंती मसुदा तपासणाऱ्यांपैकी तिघांनी नाकारली. म्हणून सुधारित निबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांची टोपणनावे, त्यांच्या परवानगीने, प्रत्येकाने केलेल्या दुरुस्तीसह नोंदवली आहेत. उरलेल्या चुका अर्थातच माझ्या.