अल्ब्युमिनची कुपी 'इतर' या रकान्यात का?

महोदय,

औषधांवरील आयातशुल्काची चर्चा होते तेव्हा ती टक्क्यांपाशीच थांबते. टक्का लावण्यापूर्वी त्या मालाला आठ आकडी क्रमांक द्यावा लागतो आणि सगळी मेख त्या क्रमांकात असते. मुंबईत सहारच्या एअर कार्गोत कस्टम्स ब्रोकर म्हणून तीन दशके 'बिल ऑफ एंट्री' (आयात मालाचे सीमाशुल्क विवरणपत्र) भरण्यात गेल्यामुळे या रुक्ष विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते. माझे म्हणणे माणसाच्या शरीरातून मिळवलेल्या औषधी पदार्थांपुरते आहे. मानवी रक्तद्रवापासून (प्लाझ्मापासून) केलेले अल्ब्युमिन हे प्रथिन, इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे प्रतिद्रव्ये आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे रक्त गोठवणारे घटक आपल्या सीमाशुल्क दरपत्रकात स्वतःच्या नावाने कुठेच दिसत नाहीत. हे सगळे ३००२ १२ ९० या क्रमांकाखाली, म्हणजे 'इतर' या रकान्यात, एकत्र कोंबलेले असतात.

दरपत्रकाची रचना ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. आठ आकड्यांपैकी पहिले सहा जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या १९८८ पासून लागू असलेल्या समान प्रणालीतून येतात व त्यांना आपण हात लावू शकत नाही. शेवटचे दोन मात्र आपल्या संसदेच्या हातात असतात. या प्रणालीत पदार्थ माणसापासून आला की जनावरापासून, यापेक्षा त्यावर कोणती प्रक्रिया झाली आणि तो कशासाठी वापरायचा, हे जास्त पाहिले जाते. त्यामुळे मानवी पदार्थ दरपत्रकभर विखुरलेले आहेत. न विंचरलेले, प्रक्रिया न केलेले केस ०५०१ मध्ये जातात (पहिल्या चार आकड्यांना 'शीर्षक' म्हणतात, पहिल्या दोहोंना 'प्रकरण'). रोपणासाठी निर्जंतुक वेष्टनात येणारे हाड किंवा ऊतक ३००१ मध्ये जाते. गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून काढलेले संप्रेरक घाऊक स्वरूपात आले तर २९३७ मध्ये आणि ठरावीक मात्रेच्या इंजेक्शनच्या रूपात आले तर ३००४ मध्ये बसते. रक्तातले अल्ब्युमिन उपचारासाठी तयार केलेले नसेल तर औषधांच्या तिसाव्या प्रकरणाची टीप त्याला औषधांतून बाहेर काढते आणि ते ३५०२ मध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या भुकटीशेजारी जाऊन बसते. मानवी भ्रूणाचे आयातधोरण तर ०५११ या शीर्षकाखाली, म्हणजे जनावरांचे रेत आणि खाण्यास अयोग्य मृत प्राणी जिथे आहेत तिथे, लिहिलेले आहे. २०१५ पासून संशोधनाचा अपवाद वगळता ही आयात निषिद्ध आहे, आणि २०१९ मध्ये मलेशियाहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात भ्रूण सापडल्यावर महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर केलेली कारवाई वाचकांना आठवत असेल. या शेजारांकडे पाहून हसू येते हे खरे, पण त्यात अन्याय काही नाही. वर्गीकरणाचे नियम भावना पाहत नाहीत आणि पाहूही नयेत.

माझी तक्रार शेवटच्या दोन आकड्यांबद्दल आहे. ३००२ या शीर्षकात मानवी रक्त, प्रतिद्रव्ययुक्त रक्तजल (सिरम), रक्ताचे अन्य अंश, लसी आणि पेशीसंवर्धने येतात. 'जैवतंत्रज्ञानाने मिळवलेले असोत वा नसोत' असे शब्द तिथे स्पष्ट असल्याने दात्याच्या रक्तातून काढलेला रक्त गोठवणारा आठवा घटक ('फॅक्टर आठ') आणि प्रयोगशाळेतल्या पेशींकडून बनवून घेतलेला आठवा घटक एकाच घरात राहतात, आणि तयार औषधांचे ३००४ हे शीर्षक ३००२ चा माल स्वतःकडे घेत नाही. इथपर्यंत सर्व जगात सारखे आहे. पुढे ३००२ १२ चे आपण जे पोटविभाग केले ते असे: घटसर्पासाठी, धनुर्वातासाठी, रेबीजसाठी, सर्पविषासाठी आणि इतर. यातली पहिली चार नावे वाचली की परळचे हाफकिन आणि तिथल्या प्रतिविषांसाठी पोसलेले घोडे डोळ्यांपुढे येतात. घोड्याच्या रक्तजलाला चार ओळी आहेत, त्यांना माझा विरोध नाही. परंतु अतिदक्षता विभागात रोज चढवल्या जाणाऱ्या अल्ब्युमिनला एकही नाही. पिशवीतल्या अखंड मानवी रक्ताला मात्र ३००२ ९० १० ही स्वतंत्र ओळ आहे, जरी असे रक्त फारसे कोणी आयात करत नाही.

याचा पहिला परिणाम म्हणजे मोजणी होत नाही. परदेशी व्यापाराची आकडेवारी याच आठ आकड्यांवरून तयार होते. 'इतर' मध्ये गेलेला माल कायमचा मिसळून जातो. देशाने वर्षभरात किती अल्ब्युमिन आणि किती इम्युनोग्लोब्युलिन आणले हे या सरकारी आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. अमेरिकेने आपल्या दहा आकडी सांख्यिकी क्रमांकांत मानवी रक्तद्रव, सामान्य मानवी रक्तजल आणि प्रतिकारक्षम मानवी रक्तजल यांना वेगवेगळ्या जागा दिल्या आहेत, म्हणूनच त्या देशाच्या रक्तद्रव व्यापाराविषयी कोणी आकड्यांनिशी बोलू शकतो. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्लाझ्मातून असे अंश वेगळे काढणारे राष्ट्रीय प्लाझ्मा विभाजन केंद्र उभारले गेले, रक्तपेढ्यांतला जास्तीचा प्लाझ्मा कारखान्यांना कोणत्या दराने द्यावा यावर सरकारने धोरण ठरवले, ऐच्छिक रक्तदानाची शिबिरे तर गावोगावी भरतात. या सगळ्यातून आयात किती घटली किंवा घटली नाही, हे पाहण्याचे साधन आपणच हातचे घालवले आहे.

दुसरा परिणाम पैशांत दिसतो. ओळ स्वतंत्र नसल्याने सवलत द्यायची तर ती अधिसूचनेला जोडलेल्या यादीत औषधाचे नाव लिहून द्यावी लागते. नावाची ओळ एका सहीने येते तशी एका सहीने जाते. २८ जानेवारी २०१६ रोजी ७४ औषधांवरची सीमाशुल्क सवलत काढून घेण्यात आली, त्यांत हिमोफिलियाचे घटकही होते. रुग्ण आणि त्यांच्या संघटनांनी आरडाओरडा केल्यावर काही आठवड्यांत ते परत यादीत आले. शिवाय २०२१ च्या वित्त कायद्याने सशर्त सवलतींना दोन वर्षांनंतरच्या ३१ मार्चची सर्वसाधारण मुदत घातली. त्याहून महत्त्वाचा आहे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा जुलै २०१८ मधील दिलीप कुमार अँड कंपनी प्रकरणातला निर्णय: कर लावणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर फायदा करदात्याचा, पण सवलतीच्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारचा. म्हणजे यादीतले नाव आणि कुपीवरचे नाव यांत एका शब्दाचा फरक पडला, तर शंकेचे माप रुग्णाच्या विरुद्ध पारड्यात पडते.

वस्तू व सेवा करातही हीच सीमारेषा आडवी येते. मानवी रक्त आणि त्याचे घटक करमुक्त, पण रक्ताचे 'अंश' सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्क्यांत होते व आता ५ टक्क्यांत आहेत. पिशवीतला प्लाझ्मा घटक आणि त्यातूनच काढलेले अल्ब्युमिन अंश, हा भेद रुग्णाच्या नातेवाइकाला समजावून सांगायची पाळी माझ्यावर अनेकदा आली आहे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी परदेशातून दान म्हणून आलेल्या घटकांची एक खेप एका रुग्णालयासाठी सोडवायची होती. पाठवणाऱ्याने बीजकावर 'औषध' एवढेच लिहून ३००४ हा क्रमांक टाकला होता. मी ३००२ मागितला, अधिकाऱ्यांनी कागदांतली विसंगती दाखवली, मूळ उत्पादकाचे पत्र मागवावे लागले, आणि तोवर औषध नियंत्रकांच्या बंदर कार्यालयाचा ना-हरकत दाखलाही अडला. दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचा माल शीतगृहात होता म्हणून वाचला. भाडे मात्र चढत राहिले. यात दोष कोणा एका माणसाचा नव्हता. दरपत्रकात 'रक्त गोठवणारे घटक' असे तीन शब्द छापलेले असते, तर पाठवणाऱ्यानेही ते वाचूनच क्रमांक लिहिला असता.

असे शब्द छापणे ही काही क्रांती नव्हे. युरोप परिषदेच्या सदस्य देशांनी १५ डिसेंबर १९५८ रोजी पॅरिसमध्ये मानवी मूळ असलेल्या उपचारद्रव्यांच्या देवाणघेवाणीचा करार केला आणि नफ्याविना दिल्या जाणाऱ्या अशा द्रव्यांना आयातशुल्कातून वगळण्याचे ठरवले. पुढे युरोपीय संघाच्या शुल्कमाफीच्या नियमांत अखंड रक्त, वाळवलेला प्लाझ्मा, अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन आणि फायब्रिनोजेन ही नावे एकेक करून लिहिली गेली. आपण ती सवलत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही, कारण आपल्याकडे येणारा बहुतेक माल दानाचा नसून व्यापारी असतो आणि देशी उत्पादकांनाही काही संरक्षण हवे असणार. शुल्क किती असावे हा वेगळा वाद आहे. त्या वस्तूला नाव असावे याबद्दल वाद होण्याचे कारण नाही.

ओळी वाढवल्या की गुंतागुंत वाढते, असे खात्यातले जुने स्नेही मला सांगतात. त्यांना मी नवव्या प्रकरणाकडे बोट दाखवतो. तिथे अरेबिका प्लँटेशन कॉफीच्या अ, ब आणि क प्रतींना तीन निरनिराळे क्रमांक आहेत. ओल्या हळदीला एक, सुक्या हळदीला दुसरा आणि हळदपुडीला तिसरा आहे. अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्रालय दरवर्षी व्यापारी संघटनांकडून सूचना मागवते. त्या वेळी औषध आयातदारांच्या, रक्तपेढ्यांच्या आणि हिमोफिलिया रुग्णांच्या संघटनांनी मिळून एकच मागणी करावी: ३००२ १२ खाली मानवी अल्ब्युमिन, मानवी इम्युनोग्लोब्युलिन आणि रक्त गोठवणारे घटक यांच्या तीन ओळी घालाव्यात. सर्पविषाचा क्रमांक ४० वर संपतो आणि 'इतर' ९० वर येतो. मधले आकडे रिकामेच आहेत.

आपला,
एक निवृत्त कस्टम्स ब्रोकर, डोंबिवली